रात्री घरीच डायलिसिस करायचा विचार करताय? नाशिककरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझे मिस्टर सातपूरच्या कारखान्यात आहेत. किडन्या निकामी झाल्यावर दीड वर्ष सोमवार-बुधवार-शुक्रवार सेंटरवर रक्ताचं डायलिसिस केलं, आणि गेली चार वर्षं रात्री झोपेत, सिडकोतल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात पोटातून डायलिसिस चालू आहे. त्या दीड वर्षात सेंटरवर एकानेही आम्हाला घरी करता येतं हे सांगितलं नाही. बाकड्यावर शेजारी बसलेल्या एका पेशंटच्या बहिणीकडून कळलं. तेव्हापासून कोणी ना कोणी मला फोन करून विचारत असतं. तेच प्रश्न आणि माझी उत्तरं इथे लिहिली आहेत. मी डॉक्टर नाही. निर्णय तुमच्या नेफ्रोलॉजिस्टसोबतच, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांसोबतच घ्या, पण त्यांच्यासमोर बसाल तेव्हा काय विचारायचं हे तुम्हाला माहीत असावं.

रात्रीचं डायलिसिस म्हणजे नेमकं काय?

दोन वेगळ्या गोष्टींना लोक हे एकच नाव देतात.

पहिली म्हणजे पोटाचं डायलिसिस. बेंबीच्या खाली बाजूला एक मऊ नळी, म्हणजे कॅथेटर, छोट्या ऑपरेशनने कायमची बसवतात. त्यातून पोटाच्या पोकळीत साखरेचं निर्जंतुक पाणी भरतात. आतड्यांवर जे पातळ आवरण असतं त्यातल्या रक्तवाहिन्यांमधून घाण आणि जास्तीचं पाणी या द्रवात उतरतं, मग ते बाहेर काढून नवीन भरतात. दिवसा हाताने तीन-चार वेळा बॅगा बदलून हे करता येतं, किंवा रात्री सायकलर नावाचं मशीन आठ ते दहा तासांत आपोआप चार-पाच वेळा भरतं आणि काढतं. आमच्याकडे हे सायकलरचं आहे.

दुसरी म्हणजे रक्ताचंच डायलिसिस, पण घरी आणि रात्रभर. हातातल्या फिस्टुलात (छोट्या ऑपरेशनने जोडून जाड केलेल्या शिरेत) सुया घालून सहा ते आठ तास सावकाश मशीन चालवायचं. लंडनमध्ये डॉ. स्टॅन्ली शाल्डन यांनी १९६४ सालीच रुग्णांना हे घरी झोपेत करायला शिकवलं होतं, आणि १९९४ पासून टोरोंटोमध्ये डॉ. आंद्रेयास पिएराटोस यांच्या टीमने ते पुन्हा नेटाने सुरू केलं. आपल्याकडे मात्र घरी रात्री करायचं म्हटलं की बहुतेकांच्या वाट्याला सायकलरच येतो. म्हणून खाली मुख्यतः त्याबद्दल लिहिलंय. रक्ताच्या प्रकारासाठी वेगळा प्रश्न पुढे आहे.

सेंटरवर आठवड्यातून तीनदा जातोय, ते पुरत नाही का?

अनेकांना पुरतं, आणि त्यावर वर्षानुवर्षं चांगली राहिलेली माणसं मी पाहिली आहेत. पण एक हिशेब करून बघा. निरोगी किडनी आठवड्याचे १६८ तास काम करते. सेंटरवर चार-चार तास तीनदा, म्हणजे १२ तास. दोन दिवसांत साठलेलं सगळं पाणी चार तासांत खेचून काढायचं, म्हणून बीपी उतरतं, पायात गोळे येतात, घरी आल्यावर माणूस संध्याकाळपर्यंत उठत नाही. मिस्टर म्हणायचे, ‘मला धुऊन पिळून वाळत घातल्यासारखं वाटतं.’

आणि शनिवार-रविवारची सुट्टी. २०११ साली अमेरिकेतल्या ३२,००० हून जास्त रुग्णांच्या नोंदींवरचा एक अभ्यास आला. त्यात दोन दिवसांच्या त्या मोठ्या खंडानंतरच्या दिवशी मृत्यू आणि हृदयाच्या त्रासाने दवाखान्यात भरती होणं, दोन्ही जास्त दिसलं. सोमवारी सकाळी मिस्टरांना धाप का लागायची ते मला तेव्हा समजलं. रोज रात्री डायलिसिस झालं की हा खंडच राहत नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगते: पोटाच्या डायलिसिसने माणूस रक्ताच्या डायलिसिसपेक्षा जास्त जगतो असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. एकंदरीत दोन्हींचे निकाल जवळपास सारखेच येतात. फरक पडतो तो दिवस कसा जातो यात. शिवाय पोटाच्या डायलिसिसमध्ये उरलीसुरली लघवी जास्त काळ टिकते, आणि त्या लघवीची किंमत फार मोठी असते. दिवसाला अर्धा लिटर लघवी होत असेल तर तेवढं पाणी जास्त पिता येतं.

आमच्या माणसाला चालेल का?

हे पोट तपासल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही. पोटाची बरीच ऑपरेशनं झाली असतील आणि आतून चिकटलं असेल तर द्रव नीट पसरत नाही. हर्निया असेल तर आधी दुरुस्त करावा लागतो. आतड्याला सूज येणारे काही आजार असतील किंवा पोटावर शौचाची पिशवी असेल तर बहुतेक वेळा नाहीच म्हणतात.

शिक्षण आणि वय यावरून मात्र कोणी नाही म्हणालं तर पुन्हा विचारा. सही करता न येणाऱ्या बायका हे बिनचूक करताना मी पाहिल्या आहेत. पायऱ्या ठरलेल्या असतात, त्या हाताला बसतात. डोळ्यांनी कमी दिसत असेल किंवा हात कापत असतील तर घरातला दुसरा माणूस शिकतो.

सुरू केल्यावर चार-सहा आठवड्यांनी एक चाचणी करतात, तिला पेट टेस्ट म्हणतात. तुमच्या पोटाचं आवरण घाण किती वेगाने सोडतं हे त्यातून कळतं. ज्यांचं वेगाने सोडतं त्यांच्या पोटात द्रव फार वेळ ठेवला तर साखर शोषली जाते आणि पाणी उलट अंगात जातं. त्यांना भराभर भरणारा-काढणारा सायकलर चांगला मानवतो. ज्यांचं सावकाश सोडतं त्यांना दिवसाच्या बॅगाच जास्त उपयोगी पडू शकतात. म्हणून शेजाऱ्याच्या मशीनवरून आपलं ठरवू नका.

एक रात्र प्रत्यक्षात कशी जाते?

साडेनऊला जेवणं आटोपली की मी खोलीतला केर काढते, ओलं पुसून घेते. खिडकी बंद, पंखा बंद, दाराला कडी. मांजर बाहेर. मिस्टर साबणाने कोपरापर्यंत हात धुतात, घड्याळ लावून, आणि स्वच्छ कोरड्या रुमालाने पुसतात. दोघांच्याही तोंडाला मास्क. पाच-पाच लिटरच्या दोन बॅगा: तारीख बघायची, साखरेची टक्केवारी बघायची (दीड, अडीच की सव्वाचार), दाबून गळत नाही ना बघायचं, द्रव काचेसारखा स्वच्छ आहे ना बघायचं. एक बॅग मशीनच्या तापणाऱ्या पाटावर जाते. डिसेंबरात, निफाडचा पारा बातम्यांमध्ये येतो त्या दिवसांत, ती तापायला वेळ लागतो, म्हणून थंडीत अर्धा तास आधी लावतो. बॅग गॅसवर किंवा गरम पाण्यात कधीही तापवायची नाही.

मग नळ्या जोडायच्या, मशीन स्वतःच हवा काढून घेतं, आणि शेवटी पोटावरच्या नळीचं टोपण काढून जोड. हे दोन-तीन सेकंदच खरे धोक्याचे. त्या वेळी आमच्या घरात कोणी बोलत नाही. मुलगी दहावीत होती तेव्हाही तिला माहीत होतं की दार वाजवायचं नाही. जोड झाला की पंखा लावायला हरकत नाही, बोलायला हरकत नाही, टीव्हीही चालू.

मशीन आधी पोटात उरलेलं काढून घेतं, मग दोन लिटरच्या आसपास भरतं, दीडेक तास ठेवतं, काढतं, पुन्हा भरतं. आवाज जुन्या फ्रिजइतका. पहिले पंधरा दिवस अलार्मने जीव नकोसा केला. रात्री दोनला वाजायचा आणि बघितलं तर मिस्टर नळीवर कूस बदलून झोपलेले. आता झोपेतच नळी बाजूला सारतात. नळी पलंगापासून पाच-सहा पावलं जाता येईल इतकी लांब असते. आमच्याकडे बाथरूम त्या टापूत येत नाही, म्हणून पलंगाखाली लघवीचं भांडं ठेवतो.

सकाळी सुटल्यावर मशीनवर आकडा येतो: रात्रीत किती पाणी जास्तीचं निघालं. त्याला सगळे यूएफ म्हणतात. तो आकडा, वजन आणि बीपी एका वहीत लिहायचं. आणि मग माझं सगळ्यात महत्त्वाचं काम. बाहेर आलेल्या द्रवाची बॅग मी त्या दिवशीच्या पेपरवर ठेवते आणि त्यातून खालची बातमी वाचून बघते. अक्षरं स्वच्छ वाचता आली तर ठीक. कधी कधी कापसाच्या धाग्यासारखं पांढरं काहीतरी तरंगतं, ते फायब्रिन नावाचं प्रथिन असतं, फोनवर सांगून ठेवायचं. अक्षरं धूसर दिसली तर पुढचा प्रश्न वाचा.

इन्फेक्शनची भीती वाटते.

वाटलीच पाहिजे. तीच भीती तुम्हाला हात धुवायला लावते.

पोटाच्या आवरणाला इन्फेक्शन झालं की त्याला पेरिटोनायटिस म्हणतात. तीन खुणा: बाहेर येणारं पाणी गढूळ, तांदळाच्या धुवणासारखं. पोट दुखणं. ताप किंवा थंडी. तिन्ही एकदम येतील याची वाट बघू नका. नुसतं पाणी गढूळ झालं तरी त्याच तासाला फोन, आणि ती गढूळ बॅग ओतून देऊ नका, बरोबर घेऊन जा, कारण तपासणी त्याच पाण्याची होते. वेळेवर अँटिबायोटिक मिळालं, बहुतेक वेळा पोटातल्या द्रवातूनच देतात, तर बहुतेक माणसं नळी न काढता बरी होतात. उशीर झाला तर नळी काढावी लागते, आणि क्वचित जीवावरही बेततं.

आम्हाला चार वर्षांत एकदा झालं. भाऊबीजेची रात्र होती, घर पाहुण्यांनी भरलेलं, उशीर झाला आणि मास्क लावायचा राहिला. नेमकं तेव्हाच झालं की दुसऱ्या कशाने हे डॉक्टरही खात्रीने सांगू शकले नाहीत, पण मला ती रात्र विसरता येत नाही. तिसऱ्या दिवशी पेपरची अक्षरं दिसेनात. दोन आठवडे औषध चाललं. तेव्हापासून सणाच्या दिवशी पाहुण्यांना मी स्पष्ट सांगते, साडेनऊनंतर ती खोली आमची.

तुमच्या सेंटरला एक प्रश्न नक्की विचारा: ‘तुमच्याकडे पेरिटोनायटिसचं प्रमाण किती?’ पोटाच्या डायलिसिसच्या जागतिक संघटनेच्या (आयएसपीडी) २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ते एका रुग्णामागे वर्षाला ०.४० पेक्षा जास्त नसावं, म्हणजे सरासरी अडीच वर्षांत एकदा. ज्या सेंटरला स्वतःचा आकडा माहीत आहे ते लक्ष ठेवून आहे असं समजा.

नळी बाहेर येते त्या जागेची रोज काळजी घ्यायची: स्वच्छ धुवायची, कोरडी करायची, डॉक्टरांनी दिलेलं मलम लावायचं, नळी चिकटपट्टीने पोटाला बांधायची म्हणजे ओढ बसत नाही. तिथे लाली, पू, दुखणं दिसलं की दाखवायचं. हळद, राख, कोणी सांगितलेला लेप, काही लावायचं नाही. जोडताना टोक कशाला लागलं किंवा नळीला चीर गेली तर पोटाजवळ नळीला क्लॅम्प, म्हणजे चिमटा, लावायचा आणि फोन करायचा. ‘काही होत नाही’ म्हणून पुढे जोडायचं नाही.

लाइट गेली तर?

पावसाळ्यात आमच्याकडेही जाते, आणि दिंडोरी-सिन्नर भागातल्या मळ्यांवर तर विचारूच नका. थोड्या वेळासाठी गेली तर मशीन होतं तिथे थांबतं आणि लाइट आली की तिथूनच पुढे चालू होतं. किती वेळ आठवण ठेवतं हे मॉडेलवर आहे, कंपनीच्या माणसाकडून लेखी घ्या. इन्व्हर्टर घेणार असाल तर मशीनचे वॅट विचारूनच घ्या. पंखे-दिव्यांना पुरणारा इन्व्हर्टर पाट तापवताना बसू शकतो.

पण खरा आधार इन्व्हर्टर नाही. मशीनवर झोपण्याआधी हाताने बॅग बदलायला शिका, आणि हाताच्या बॅगा चार-पाच तरी घरात असू द्या. त्या फक्त उंचीवर चालतात: एक वर टांगायची, एक खाली ठेवायची. एकदा वादळात रात्रभर लाइट नव्हती. मिस्टरांनी खिडकीच्या गजाला बॅग अडकवून मोबाइलच्या उजेडात बदल केला आणि झोपले. पोटाचं डायलिसिस एक रात्र मागे-पुढे झालं तर सहसा घाबरण्यासारखं नसतं, पण डॉक्टरांना कळवायचं.

फ्लॅट लहान आहे. सामान कुठे ठेवायचं?

हा प्रश्न लोक शेवटी विचारतात, खरं तर आधी विचारायला हवा. रोज १० लिटर धरलं तर महिन्याचे ३०० किलोच्या वर खोके घरात येतात. लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर ते कोण चढवणार हे आधी ठरवा. आम्ही पलंग विटांवर उचलून खाली दोन थर लावले आणि उरलेले कपाटाच्या बाजूला. ऊन लागता कामा नये, ओल लागता कामा नये, उंदीर तर नाहीच. आधी आलेले आधी वापरायचे.

वापरलेला द्रव संडासात ओतून पाणी टाकायचं. रिकाम्या बॅगा आणि नळ्या आम्ही वेगळ्या पिशवीत घट्ट बांधून देतो आणि घंटागाडीवाल्या दादांना काय आहे ते सांगतो. त्यांचा हात त्यात जाणार असतो.

घरी रात्रभर रक्ताचं डायलिसिस, ते शक्य आहे का?

शक्य आहे, आणि ज्यांना जमतं त्यांना खूप बरं वाटतं. सावकाश चालल्यामुळे बीपी पडत नाही, फॉस्फरस चांगला उतरतो. पण मागण्या मोठ्या आहेत. आरओ प्लांट लागतो, कारण एका रात्रीत शंभर लिटरहून जास्त शुद्ध पाणी रक्ताच्या समोरून जातं, फक्त एका पातळ पडद्याच्या पलीकडून. गंगापूर धरणाचं नळाचं पाणी पिण्याला कितीही चांगलं असो, त्यातलं क्लोरीन रक्ताला चालत नाही, बोअरचे क्षार तर मुळीच नाही. कार्बन फिल्टर, नियमित पाणी तपासणी, वेगळं वायरिंग, सांडपाण्याची सोय, सगळं हवं.

आणि सुई. झोपेत सुई निसटली तर काही मिनिटांत खूप रक्त जाऊ शकतं. म्हणून सुईजवळ ओल ओळखणारा सेन्सर लावतात आणि घरात शिकलेला दुसरा माणूस असावा लागतो. उत्तर अमेरिकेत ८७ रुग्णांवर एक अभ्यास झाला, तोही २०११ मध्येच प्रसिद्ध झाला. आठवड्यात सहा रात्री केल्याने बीपी आणि फॉस्फरस सुधारले, पण मुख्य निकषांवर ठाम फरक दिसला नाही, आणि ज्यांना लघवी होती त्यांची ती लवकर कमी झाली. म्हणजे जास्त ते सगळं चांगलंच असं नाही. ज्यांचं पोट चालत नाही, ज्यांची लघवी थांबलीच आहे, घर मोठं आहे आणि हाताशी तयार माणूस आहे, त्यांनी याचा जरूर विचार करावा.

खर्च किती? सरकारी मदत मिळते का?

सायकलरच्या द्रवाचा खर्च महिन्याला पाच आकडी असतो आणि तो थांबत नाही. मशीन विकत, भाड्याने की बॅगांच्या करारावर वापरायला, हे कंपनीनुसार बदलतं. सेंटरवरच्या खर्चाशी तुलना करताना रिक्षाभाडं, बुडालेली हजेरी, सोबत जाणाऱ्याची बुडालेली हजेरी, रक्त वाढवायच्या इंजेक्शनांची संख्या, सगळं एका कागदावर मांडा. आमचा कागद मांडल्यावर फरक वाटला होता त्यापेक्षा बराच कमी निघाला.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत सेंटरवरचं रक्ताचं डायलिसिस होतं, हे बहुतेकांना माहीत असतं. केंद्राचा प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ चा, आणि त्यात पोटाच्या डायलिसिसच्या मार्गदर्शक सूचना २०१९ मध्ये आल्या. तुमच्यासाठी आज प्रत्यक्षात काय मिळतं हे जिल्हा रुग्णालयात किंवा शालिमारच्या विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयात जाऊन आरोग्यमित्राला (योजनेची माहिती देणाऱ्या तिथल्या माणसाला) विचारा, आणि रेशनकार्ड, आधार व डॉक्टरांचं पत्र बरोबर न्या. कामगार विम्याचं कार्ड असेल तर तिथे लेखी अर्ज द्या. तोंडी ‘नाही’ ऐकून परत येऊ नका. खासगी विमा असेल तर ‘घरी लागणारा द्रव आणि नळ्या धरता का’ हे शब्द वापरून विचारा. नुसतं ‘डायलिसिस आहे का’ विचारलं की हो म्हणतात आणि बिल गेल्यावर अडतं.

खाण्यापिण्यात काय बदलतं?

बरंच सैल होतं, पण सगळं नाही. रोज डायलिसिस होतं म्हणून पोटॅशियम सहसा आटोक्यात असतं, काहींचं तर कमीच होतं. सेंटरवर असताना द्राक्षांच्या हंगामात मिस्टर घडाकडे बघून मान फिरवायचे. आता डॉक्टरांच्या परवानगीने मूठभर खातात. बेदाणे मात्र नाहीत, वाळल्यावर तेवढ्याच वजनात पोटॅशियम चौपट होतं. तुमचा रिपोर्ट वेगळा असेल, त्याप्रमाणेच करा.

प्रथिनं मात्र वाढवावी लागतात, कारण रोज द्रवातून ती वाहून जातात. किलोमागे साधारण १ ते १.२ ग्रॅम सांगतात. आमच्याकडे रोज अंड्याचा पांढरा भाग आणि पनीर. मीठ कमीच. मिसळ महिन्यातून एकदा, तर्री आणि पापडाशिवाय. मीठ जास्त झालं की तहान लागते, तहान लागली की पाणी वाढतं, पाणी वाढलं की जास्त साखरेची बॅग लावावी लागते, आणि ती पोटाच्या आवरणाला हळूहळू खराब करते. म्हणून सव्वाचार टक्क्यांची बॅग आमच्याकडे अगदी गरजेलाच निघते.

पोट साफ असणं फार महत्त्वाचं. बद्धकोष्ठ झालं की आतडी नळीवर बसतात, पाणी निघत नाही आणि रात्रभर अलार्म. एकादशीला साबुदाणा-शेंगदाणे-बटाटा खाऊन दुसऱ्या रात्री हेच व्हायचं. सासूबाईंनीच शेवटी सांगितलं, तुझा उपास मी धरते.

शुगर आहे. द्रवातल्या साखरेने वाढणार नाही का?

वाढते. इन्सुलिनचा डोस बहुधा बदलावा लागतो, वजनही वाढू शकतं. एक गोष्ट मात्र पाठ करा: साखरेऐवजी आयकोडेक्स्ट्रिन नावाचा पदार्थ असलेली बॅग वापरत असाल तर काही ग्लुकोमीटर खोटी जास्त साखर दाखवतात. त्या आकड्यावर इन्सुलिन घेतलं तर साखर खाली जाऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो. तुमचा मीटर चालतो का हे आधी विचारा, आणि अपघातात दुसऱ्या दवाखान्यात नेलं तर तिथेही समजावं म्हणून पाकिटात चिठ्ठी ठेवा.

नोकरी, प्रवास, कुंभमेळा?

आमच्यासाठी नोकरीनेच सगळं ठरवलं. आठवड्याचे तीन दिवस जायचे तेव्हा सुपरवायझरसमोर रोज मान खाली. आता सकाळी साडेपाचला सुटतात, अंघोळ करून पहिल्या पाळीला जातात. जड ओझं मात्र उचलायचं नाही, हर्निया होतो.

प्रवासात मशीन न्यायचा खटाटोप आम्ही करत नाही, हाताच्या बॅगा नेतो. वणीच्या गडावर एक रात्र राहिलो तेव्हा धर्मशाळेच्या खोलीतला पंखा बंद करून, चादर अंथरून केलं.

रामकुंडात बुडी मारायची नाही. तलाव नाही, विहीर नाही, पोहण्याचा हौद नाही. त्या पाण्यातले जंतू नळीच्या वाटेने आत जातात. २०१५ चा सिंहस्थ मिस्टरांनी घाटावर उभं राहून केला होता, आजारी पडायच्या आधी. आता पुढचा येतोय. सासूबाईंनी ठरवलंय की त्या तांब्यात पाणी आणतील आणि दोन थेंब कपाळाला लावतील, तेवढं चालतं. ज्यांचं सेंटरवर चालू आहे त्यांनी आणि आम्ही दोघांनीही एक तयारी करायची: पर्वणीच्या दिवसांत रस्ते बंद असतात. सेंटरची पाळी आधीच बदलून घ्या, बॅगांची गाडी आठवडाभर आधी मागवा.

झोप होते का? आणि नवरा-बायकोचं?

सुरुवातीला पाणी पूर्ण निघताना शेवटी ओढल्यासारखं दुखायचं. डॉक्टरांनी मशीन असं लावून दिलं की दर वेळी थोडं पाणी पोटातच राहतं, त्याला टायडल म्हणतात, आणि ते दुखणं गेलं. आता मिस्टर माझ्यापेक्षा चांगले झोपतात.

दुसरा प्रश्न बायका फोनवर आवाज खाली आणून विचारतात, म्हणून लिहिते. नळीमुळे संबंध बंद होत नाहीत. नळी नीट चिकटवायची, पोटावर दाब द्यायचा नाही, आणि वेळ जोडणीच्या आधीची. किडनीच्या आजारात इच्छा आणि ताकद दोन्ही कमी होतात, त्यावर औषधोपचार असतात, डॉक्टरांना विचारायला लाजू नका. खरी अडचण माझ्या मनात होती. ती नळी बघितली की मला रडू यायचं. सहा महिने लागले.

सगळं बायकोवरच पडतं का?

पडू देऊ नका. आमच्याकडे मिस्टर स्वतः जोडणी करतात, मी खोली आणि वही बघते. ज्या घरात पेशंट हात बांधून बसतो आणि बायको किंवा सून रोज रात्री एकटी सगळं करते, तिथे वर्षभरात ती थकते आणि चुका व्हायला लागतात. हात चालत असतील तर ज्याचं पोट त्यानेच शिकावं. मी हे खूप कळकळीने सांगते. आणि घरात दुसऱ्या एकाला तरी यायला हवं. आमच्या मुलीला येतं.

शिकायला किती दिवस लागतात? मागे फिरता येतं का?

नळी बसवल्यावर जखम भरायला साधारण दोन आठवडे द्यावे लागतात. शिकायला एक-दोन आठवडे. घाई करून शेवटच्या क्षणी, धाप लागलेल्या अवस्थेत हे सुरू करणं सगळ्यात वाईट, म्हणून क्रिएटिनिन (किडनी मंदावली की रक्तात साठणारी घाण) वाढत चाललंय हे कळल्यावरच बोलणी सुरू करा. हातातल्या शिरा जपा, एक हात राखून ठेवा, त्यातून रक्त काढू देऊ नका, पुढे फिस्टुला लागू शकतो. दुखण्याच्या गोळ्या आणि अनोळखी काढे बंद.

मागे फिरता येतं. पोटाचं आवरण बहुतेकांचं कधी ना कधी थकतं आणि रक्ताच्या डायलिसिसवर जावं लागतं. आम्हालाही ते माहीत आहे. किडनी बदलण्याच्या यादीत नाव घालायला पोटाच्या डायलिसिसची आडकाठी नसते, आमचं आहे.

पहिल्या भेटीला जाताना काय घेऊन जाऊ?

गेल्या तीन महिन्यांचे रिपोर्ट, पोटाच्या जुन्या ऑपरेशनांचे कागद, २४ तासांची लघवी किती होते त्याचा मोजलेला आकडा, घराचा साधा नकाशा आणि झोपायच्या खोलीचा फोटो. आमच्या ट्रेनिंगच्या सिस्टरने फोटो बघून पहिलाच प्रश्न विचारला होता, ‘हा पलंग पंख्याच्या बरोबर खाली का आहे?’ त्याच संध्याकाळी आम्ही तो खिडकीपासून लांब, भिंतीला सरकवला. अजून तिथेच आहे.